हडूप क्लस्टर सांभाळायला यापुढे कोणतं साधन? क्लाउडेरा मॅनेजर, अंबारी, अ‍ॅन्सिबल की थेट कुबरनेटीज

कोयनाकाठ (धागाकर्ता)

आमच्याकडे स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये हडूप क्लस्टर आहे, म्हणजे प्रचंड डेटा वाटून साठवणारी आणि त्यावर प्रक्रिया करणारी मशीनची जोडणी. दोन नेमनोड (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारे), चोवीस डेटानोड (प्रत्यक्ष डेटा साठवणारे), वर एसक्यूएल क्वेरींसाठी हाइव्ह आणि इम्पाला, प्रक्रियेसाठी स्पार्क आणि थोडं एचबेस (डेटाबेस). २०१९ मध्ये सीडीएच ६.३ ची, म्हणजे क्लाउडेरा कंपनीच्या हडूप वितरणाची, मोफत आवृत्ती टाकली, तेव्हापासून सगळा कारभार क्लाउडेरा मॅनेजरवरून चालतो. टीम तिघांची. रात्रीचा कॉल आळीपाळीने.

आता हे असंच पुढे चालवणं शक्य नाही. ३१ जानेवारी २०२१ पासून क्लाउडेराने सगळी बायनरी सबस्क्रिप्शनमागे नेली. मोफत मिळालेली शेवटची आवृत्ती ६.३.२. सीडीएच ६ चा आधार मार्च २०२२ मध्ये संपला आणि ज्या सेंटओएस ७ वर हे सगळं उभं आहे त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली. नवा सर्व्हर घ्यायचा म्हटलं तर त्याच्या नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर जुन्या कर्नलवर चालतील की नाही, इथून सुरुवात होते. सिक्युरिटी ऑडिटवाले दर तिमाहीला तीच यादी पुढे ठेवतात.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. क्लाउडेरा २००८ ची. याहूच्या हडूप टीममधून २०११ मध्ये हॉर्टनवर्क्स निघाली. क्लाउडेराकडे स्वतःचं बंदिस्त क्लाउडेरा मॅनेजर होतं, हॉर्टनवर्क्सने त्याच कामाचं अपाचे अंबारी उघड्या परवान्यावर वाढवलं. तिसरी मॅपआर. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्सचं विलीनीकरण जाहीर झालं, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झालं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मॅपआर एचपीईने घेतली. एका वर्षाच्या आत तीन स्वतंत्र वितरण कंपन्यांपैकी एकच उरली. ज्यांनी २०१५ च्या आसपास ‘उद्या पटलं नाही तर दुसऱ्याकडे जाऊ’ असं गृहीत धरून क्लस्टर उभे केले, त्यांच्यासाठी तो दुसरा उरलाच नाही.

आमच्यापुढे चार वाटा आहेत: सबस्क्रिप्शन घेऊन सीडीपी (क्लाउडेराचं नवं वितरण), अंबारी, अ‍ॅन्सिबलने (मशीनची मांडणी फाइलींत लिहून सगळीकडे लावणारं साधन) सगळं स्वतः, किंवा हडूप सोडून कुबरनेटीजवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) स्पार्क. पहिल्या वाटेचा हिशोब वरचे लोक करत आहेत. बाकी तीन वाटांवरून जे प्रत्यक्ष गेले आहेत त्यांनी लिहावं. वेबसाइटवरची वैशिष्ट्यं वाचून झाली आहेत. रात्री तीन वाजता काय होतं ते हवं आहे.

---

रातपाळी

चांगला धागा. साधनाचं नाव ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: हडूपची पॅकेजेस तुम्हाला कोण बांधून देणार?

क्लाउडेरा मॅनेजर तुम्हाला सोपं वाटतं, त्याचं निम्मं श्रेय डॅशबोर्डचं नाहीच. हडूप, हाइव्ह, एचबेस, स्पार्क, झूकीपर (सर्व्हिसमधला ताळमेळ ठेवणारं) यांच्या एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून, पॅच लावून, तपासून एका पार्सलमध्ये कुणीतरी देत होतं, ते खरं काम. अपाचेच्या साइटवरून प्रत्येकाची वेगळी टारफाइल उतरवून जुळवायला बसा म्हणजे कळतं. ग्वावा या जावा लायब्ररीची एक आवृत्ती हडूपला चालते, दुसरी हाइव्हला, आणि दोन्ही एकाच क्लासपाथवर आल्या की ‘नो सच मेथड’ची रांग लागते.

मोफत जगात हे काम अपाचे बिगटॉप करतं. २०११ मध्ये ते इन्क्युबेटरमध्ये आलं आणि सुरुवातीला त्यात क्लाउडेराच्याच लोकांचा पुढाकार होता. आरपीएम आणि डेब पॅकेजेस, पपेटची मॅनिफेस्ट्स आणि स्मोक टेस्ट, तिन्ही तिथे मिळतात. तुम्ही अंबारी घ्या किंवा अ‍ॅन्सिबल, खाली बिगटॉपच येणार. म्हणून आधी बिगटॉपच्या कोणत्या आवृत्तीत कोणतं हडूप आहे, तुम्हाला लागणारे घटक आहेत का, ते बघा. आणि जी आवृत्ती निवडाल तिचा पूर्ण आरसा, म्हणजे पॅकेजेसची प्रत, स्वतःच्या नेक्सस सर्व्हरवर किंवा साध्या एनजिनएक्स वेब सर्व्हरवर ठेवा. दुसऱ्याच्या रेपोवर भरवसा ठेवून क्लस्टर चालवू नये, हे २०२१ ने सगळ्यांनाच दाखवलं.

---

सांगलीचा_अमोल

मी शिकतोय, प्रश्न अगदी प्राथमिक असेल तर समजून घ्या. ही साधनं नेमकं करतात काय? एसएसएचने प्रत्येक मशीनवर जाऊन सर्व्हिस चालू करता येते ना?

---

रातपाळी

अमोल, प्रश्न योग्य आहे. चार मशीन असतील तर येते. पंचवीस असतील, प्रत्येकावर चार-पाच प्रोसेस असतील आणि प्रत्येकीच्या मागे शंभरेक सेटिंग असतील तेव्हा हाताने चालत नाही.

क्लाउडेरा मॅनेजर आणि अंबारी, दोन्ही साधनांची घडण सारखीच आहे. एक मध्यवर्ती सर्व्हर, त्याचा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस आणि प्रत्येक मशीनवर एक एजंट. एजंट ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला ‘मी जिवंत आहे, माझ्याकडे अमुक चालू, तमुक बंद’ असं कळवतो आणि काही काम असेल तर घेऊन जातो. कोणत्या मशीनवर कोणती भूमिका आणि तिचं कॉन्फिग काय, ही खरी नोंद डेटाबेसमध्ये असते; मशीनवरच्या फाइली त्यातून तयार होतात.

इथेच नवे लोक फसतात. क्लाउडेरा मॅनेजरमध्ये प्रोसेस सुरू करताना एजंट दर वेळी एक नवं डिरेक्टरी बनवतो आणि त्यात ताजं कॉन्फिग लिहितो. तुम्ही ‘ईटीसी हडूप कॉन्फ’मधली एक्सएमएल कितीही बदला, डेटानोड तिकडे बघतही नाही, ती फक्त क्लायंटसाठी असते. अंबारीत फाइल तीच वापरली जाते, पण पुढच्या रिस्टार्टला अंबारी ती पुन्हा स्वतःच्या नोंदीप्रमाणे लिहिते. दोन्हीकडे हाताने केलेला बदल टिकत नाही, आणि तसंच असायला हवं.

दुसरं काम क्रमाचं. आधी झूकीपर, मग जर्नलनोड (नेमनोडच्या बदलांची नोंद ठेवणारे), मग नेमनोड, मग डेटानोड, मग यार्न (कामांना मेमरी आणि कोअर वाटणारं), मग हाइव्ह आणि एचबेस. बंद करताना उलटं. तिसरं काम लक्ष ठेवण्याचं: डिस्क भरतेय का, नेमनोडचं गार्बेज कलेक्शन लांबतंय का, ब्लॉकच्या, म्हणजे फाइलींच्या तुकड्यांच्या, प्रती कमी पडल्यात का. चौथं अपग्रेडचं. क्लाउडेराची पार्सल पद्धत इथे खरोखर उत्तम आहे. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी उलगडून ठेवते आणि सक्रिय करताना फक्त दुवा बदलते. मी इतर कुठे इतकं नेटकं पाहिलेलं नाही.

---

सांगलीचा_अमोल

खूप धन्यवाद! हे कुठल्याच कोर्समध्ये सांगितलं नव्हतं.

---

जुनाखांब

अंबारीबद्दल लिहितो, पहिल्या काही आवृत्त्यांपासून वापरतोय.

अंबारी २०११ मध्ये अपाचे इन्क्युबेटरमध्ये आलं, २०१३ च्या शेवटी स्वतंत्र प्रकल्प झालं. सुरुवातीला मेट्रिक्ससाठी गँग्लिया आणि अलर्टसाठी नॅगिऑस सोबत बसवायला लागायचं. २.० मध्ये त्यांनी स्वतःचे अलर्ट आणि स्वतःची मेट्रिक्स यंत्रणा आणली. विलीनीकरणानंतर कंपनीचा जोर दुसऱ्या साधनावर गेला, काम मंदावलं आणि जानेवारी २०२२ मध्ये प्रकल्प अपाचेच्या अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे अडगळीत, गेला. अनेकांनी तेव्हाच आशा सोडली. पण त्याच वर्षी नव्या लोकांनी तो परत बाहेर काढला. २.८ मध्ये हॉर्टनवर्क्सच्या एचडीपी वितरणाच्या जागी बिगटॉपचा स्टॅक आला, ३.० मध्ये पायथन ३ आलं. पायथन २ ची मुदत १ जानेवारी २०२० लाच संपली होती, त्यामुळे हा बदल झाला नसता तर अंबारी नव्या लिनक्सवर बसवणंच जिकिरीचं झालं असतं.

चांगलं काय? ब्लूप्रिंट. क्लस्टरचा पूर्ण आराखडा जेसनमध्ये लिहा, आरईएसटी एपीआयला द्या, क्लस्टर उभा. तोच आराखडा टेस्टिंगला वापरा. कॉन्फिगच्या प्रत्येक बदलाची आवृत्ती राहते, कोणी काय बदललं ते शेजारी शेजारी दिसतं, एका क्लिकवर मागे जाता येतं. आणि रोलिंग रिस्टार्ट मोफत. कोयनाकाठ, तुमच्या मोफत क्लाउडेरात तो नव्हता, तो पैसेवाल्या आवृत्तीत होता. म्हणजे आजवर तुम्ही कॉन्फिग बदललं की पूर्ण सर्व्हिस खाली-वर करत असणार.

रात्री तीन वाजता काय होतं? दोन गोष्टी सांगतो.

पहिली, अंबारीची मेट्रिक्स यंत्रणा. तिच्या पोटात स्वतःचं एक छोटं एचबेस आणि फीनिक्स असतं. एम्बेडेड मोडमध्ये मोठा क्लस्टर टाकला की त्याची मेमरी पुरत नाही, कलेक्टर पडतो, आणि सकाळी सगळे आलेख रिकामे. क्लस्टर ठीक असतो, त्याच्यावर नजर ठेवणाराच आडवा. चोवीस नोडना एम्बेडेड चालेल, पण हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवून द्या आणि त्याचं डेटा डिरेक्टरी वेगळ्या डिस्कवर ठेवा.

दुसरी, डेटाबेस. प्रत्येक कमांडची, प्रत्येक अलर्टची नोंद साठत जाते. वर्ष-दोन वर्षं कुणी पाहिलं नाही तर अंबारीचं पान उघडायला मिनिट लागायला लागतं आणि लोक म्हणतात अंबारी स्लो आहे. जुना इतिहास काढून टाकायची कमांड अंबारी सर्व्हरमध्येच आहे, डीबी-पर्ज-हिस्ट्री. ती क्रॉनमध्ये नको, बॅकअप घेऊन, सर्व्हर थांबवून हाताने चालवा.

आणि बसवल्या बसवल्या ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदला. अजूनही तो तसाच ठेवलेले क्लस्टर दिसतात.

---

तुंगभद्रा

बंगळूरहून. आम्ही तिसऱ्या वाटेने गेलो: बिगटॉपची पॅकेजेस, अ‍ॅन्सिबल आणि देखरेखीला प्रोमिथियस-ग्राफाना. मी त्याच बाजूने बोलणार.

सगळ्यात मोठा फायदा, क्लस्टरचं सगळं ज्ञान गिटमध्ये येतं. यार्नच्या रांगेची टक्केवारी बदलायची तरी मर्ज रिक्वेस्ट येते, दुसरा माणूस बघतो, कारण लिहिलेलं राहतं. यूआयवर कुणी घाईत बदललेली सेटिंग असा प्रकारच उरत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचं कामही त्याच प्लेबुकमध्ये: ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस बंद, स्वॅपिनेस कमी, उघड्या फाइलींची मर्यादा, क्रोनी, डिस्कचे माउंट. अंबारी यातलं बरंचसं फक्त तपासून इशारा देतं, करून देत नाही.

देखरेखीसाठी प्रत्येक जेव्हीएमला जेएमएक्स एक्सपोर्टर एजंट म्हणून लावला. सगळी मेट्रिक्स येतात, पण सगळ्यांवर अलर्ट लावू नका. आम्ही शेवटी मोजक्यांवर आलो: मिसिंग ब्लॉक्स, अंडर-रेप्लिकेटेड ब्लॉक्स, शिल्लक जागा, डेटानोडवरच्या बाद झालेल्या डिस्क, नेमनोडचा गार्बेज कलेक्शनचा विराम आणि झूकीपरचा प्रतिसाद वेळ. रात्री फोन वाजला तर या यादीतल्याच कशासाठी तरी वाजतो.

डिस्कवरून आठवलं. डेटानोडने किती डिस्क बाद झालेल्या सहन कराव्यात, याचं मूळ मूल्य शून्य आहे. बारा डिस्कच्या मशीनमधली एक गेली की अख्खा डेटानोड खाली बसतो आणि त्या मशीनवरच्या सगळ्या ब्लॉकच्या नव्या प्रती करण्याची धावपळ नेटवर्कवर सुरू होते. ते एक किंवा दोन करा आणि डिस्कसाठी वेगळा अलर्ट ठेवा. झूकीपरचंही तसंच, जुने स्नॅपशॉट आपोआप काढण्याची सोय मुळात बंद असते. चालू केली नाही तर डिस्क भरून झूकीपर पडतो आणि त्याच्या जोरावर चालणारं नेमनोडचं ऑटो फेलओव्हर आणि एचबेस दोन्ही सोबत जातात. कोणतंही साधन वापरा, या दोन जागा आधी बघा.

---

रातपाळी

तुंगभद्राताई, गिटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एक उणीव स्पष्ट लिहायला हवी. अ‍ॅन्सिबल चालवलं तेवढ्यापुरतंच बघतं. दोन रनच्या मधे क्लस्टरचं काय झालं हे त्याला माहीत नसतं. अंबारीचा एजंट कायम जागा असतो.

आणि रोलिंग रिस्टार्ट अ‍ॅन्सिबलमध्ये स्वतः लिहायला लागतो, तोही नीट. ‘सीरियल एक’ लिहिलं म्हणजे झालं असं नाही. डेटानोड परत आला, प्रोसेस चालू दिसली, म्हणून लगेच पुढच्यावर गेलात आणि पहिल्याचा ब्लॉक रिपोर्ट अजून नेमनोडकडे पोचला नसेल तर एखाद्या ब्लॉकच्या दोन प्रती एकाच वेळी अनुपलब्ध होतात. तिसरी प्रत असते हो, पण तिच्या डिस्कवर त्याच दिवशी खराब सेक्टर निघाला तर? तुम्ही मधे कोणती तपासणी लावलीत?

---

तुंगभद्रा

बरोबर पकडलंत. प्रत्येक मशीननंतर प्लेबुक नेमनोडच्या जेएमएक्सला विचारतं: जिवंत डेटानोडची संख्या पूर्ण झाली का, मिसिंग ब्लॉक्स शून्य आहेत का, अंडर-रेप्लिकेटेड ब्लॉक्स सुरुवातीच्या आकड्यावर परत आले का. तिन्ही होईपर्यंत थांबतं, ठरावीक वेळात झालं नाही तर प्लेबुक तिथेच मोडतं आणि माणसाला बोलावतं.

मूळ सेटिंगमध्ये डेटानोड गप्प झाल्यावर साडेदहा मिनिटांनी नेमनोड त्याला मृत ठरवतो. हार्टबीट ३ सेकंदांचा असला तरी घाई केली जात नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण मधल्या काळात साधा रिस्टार्ट झाला तर नव्या प्रतींचं काम सुरूच होत नाही. म्हणून एका मशीनचं काम दहा मिनिटांच्या आत उरकेल असं प्लेबुक बसवा. नेमनोडसाठी आधी स्टँडबाय, मग फेलओव्हर, मग पहिला. त्याचं प्लेबुक वेगळं आणि ते नेहमी माणसासमोरच चालतं.

खरं कष्टाचं काम कर्बेरॉसचं, म्हणजे ओळख पटवण्याच्या यंत्रणेचं. प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक मशीन, प्रत्येकाची कीटॅब (ओळखीची किल्ली असलेली फाइल). अंबारी आणि क्लाउडेरा मॅनेजर ते विझार्डमधून करून देतात आणि तिथे त्यांचं मोल कळतं. आम्ही फ्रीआयपीए वापरून ते सोडवलं, पण टीममध्ये कर्बेरॉस मनापासून समजणारं कुणी नसेल तर आमच्या वाटेने येऊ नका, एवढं स्पष्ट सांगते.

---

हडसन_काठचा

न्यू जर्सीतून. हे सगळं वाचताना वाटलं, क्लस्टर सांभाळायचाच कशाला? आमच्याकडे डेटा अॅमेझॉनच्या एसथ्रीवर आहे, त्यांचाच ईएमआर (भाड्याचा हडूप क्लस्टर) सकाळी उभा होतो, काम संपलं की विसर्जित. ईएमआर २००९ पासून आहे, गूगलकडे डेटाप्रॉक आहे. डेटा वेगळा आणि गणन वेगळं केलं की बिघडलेला नोड दुरुस्त करण्याचा प्रश्नच येत नाही, तो टाकून नवा येतो. अपग्रेड म्हणजे पुढच्या वेळी वेगळ्या आवृत्तीचा क्लस्टर उभा करणं.

---

जुनाखांब

दिवसातले काही तास चालणाऱ्या कामांना तुमची पद्धत उत्तमच. पण धागाकर्त्याकडे एचबेस आणि इम्पाला आहे, म्हणजे कुणीतरी दिवसभर क्वेरी मारतंय. चोवीस तास चालणाऱ्या क्लस्टरचं क्लाउडचं बिल आणि आधीच पैसे देऊन घेतलेल्या मशीनचा खर्च यांची तुलना करताना डेटा बाहेर काढण्याचा दरही धरायला हवा. शिवाय काही क्षेत्रांत डेटा कुठे ठेवायचा याचे नियम असतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांना आराखडे बदलायला लागले. आता मोठ्या क्लाउडवाल्यांचे मुंबईत रीजन आहेत, त्यामुळे तो अडथळा कमी झालाय, पण निर्णय टीमच्या हातात नसतो.

---

कोयनाकाठ (धागाकर्ता)

जुनाखांब यांनी बरोबर ओळखलं. आमच्याकडे डेटा बाहेर नेण्याचा पर्याय नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. कुबरनेटीजवर कुणी प्रत्यक्ष चालवतंय का?

---

मेघडंबरी

हो, स्पार्क चालवतो. स्पार्क २.३ मध्ये, २०१८ ला, कुबरनेटीजचा आधार प्रायोगिक म्हणून आला आणि ३.१ मध्ये, मार्च २०२१ ला, तो पक्का झाला. स्पार्कसाठी अनुभव चांगला. प्रत्येक टीम आपल्या इमेजमध्ये हवी ती पायथन, हव्या त्या लायब्ररी आणते. यार्नवर एका टीमचं पांडाज दुसऱ्याच्या पांडाजशी भांडायचं, ते थांबलं.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. कुबरनेटीजच्या स्वतःच्या शेड्युलरला यार्नसारख्या रांगा कळत नाहीत. एक मोठा जॉब येतो, अर्धे एक्झिक्युटर मिळवतो, दुसरा जॉब उरलेले मिळवतो आणि दोघंही अडून बसतात. त्यासाठी आम्ही अपाचे युनिकॉर्न लावलं. त्यात रांगांची उतरंड आणि एका अ‍ॅपचे सगळे पॉड एकत्र देण्याची सोय आहे. दुसरी गोष्ट शफल, म्हणजे कामाच्या टप्प्यांमधली डेटाची देवाणघेवाण. यार्नवर नोड मॅनेजरमध्ये बाहेरची शफल सर्व्हिस असते, इथे ती तशी मिळत नाही. डायनॅमिक अ‍ॅलोकेशन वेगळ्या प्रकारे चालतं आणि एक्झिक्युटर गेला की त्याचा शफल डेटाही जाऊ शकतो.

एचडीएफएस (हडूपची फाइल सिस्टीम) मात्र कुबरनेटीजवर टाकू नका. डेटानोड हा त्याच मशीनच्या, त्याच डिस्कच्या भरवशावर जगणारा प्राणी. त्याला पॉडमध्ये बसवून काही मिळत नाही, फक्त गुंता वाढतो. एचडीएफएस खाली साध्या लिनक्सवर ठेवून वर स्पार्क कुबरनेटीजवर, असं करता येतं.

---

पाषाण_रोड

थोडं अवांतर, पण पुण्याचं आहे. आमच्याकडे संशोधन संस्थेत परम मालिकेतली महासंगणक प्रणाली आहे, तिथे स्लर्म चालतं. स्लर्म हडूपच्या कामाला का चालत नाही, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. स्लर्म कोअर, मेमरी आणि जीपीयू वाटतं. डेटा कोणत्या नोडवर पडलाय हे त्याच्या हिशोबात नाही, कारण लस्टरसारखी सामायिक फाइल सिस्टीम सगळ्यांना सारखीच जवळ असते. यार्न काम डेटाजवळ पाठवायचा प्रयत्न करतं. हवामानाच्या मॉडेलला पहिलं योग्य, लॉगच्या ढिगाला दुसरं.

---

मेघडंबरी

अवांतर नाहीच, छान फरक सांगितलात.

---

रातपाळी

कोयनाकाठ, तुमच्या यादीतल्या दोन शब्दांवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

इम्पाला. अंबारीच्या एचडीपी स्टॅकमध्ये तो कधीच नव्हता. अंबारीकडे जायचं तर इम्पालाच्या क्वेरींचं काय, ते आत्ताच ठरवा. बहुतेक लोक ट्रिनो या क्वेरी इंजिनवर जातात. प्रेस्टोमधून २०१९ मध्ये फुटलेली शाखा, डिसेंबर २०२० पासून या नावाने. क्वेरी बऱ्याचशा तशाच चालतात, पण फंक्शनं, तारखा आणि प्रकार बदलण्याचे नियम वेगळे. इम्पाला जिथे गप्प बसून स्ट्रिंगचा टाइमस्टॅम्प करून घ्यायचा तिथे ट्रिनो एरर देतो. ‘कम्प्यूट स्टॅट्स’च्या जागी ‘अ‍ॅनालाइझ’ येतं. रिपोर्टिंग टीमला याची कल्पना पहिल्या दिवशी द्या, अपग्रेडच्या रात्री नको.

आणि सेंट्री. सीडीएच ६ मध्ये टेबलांचे हक्क सेंट्रीत असतात. सेंट्री आता अ‍ॅटिकमध्ये आहे, पुढचं सगळं जग रेंजरवर आहे. दोघांच्या विचारपद्धतीत फरक आहे. सेंट्री भूमिकांना हक्क देतं; रेंजर धोरणं लिहितं आणि त्यात नाकारण्याचीही सोय असते. हक्कांची यादी काढून, माणसाने बसून, एकेक बघून रेंजरमध्ये नेली तरच ऑडिटला उत्तर देता येतं.

---

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सेंट्रीचं आम्ही मोजलंच नव्हतं. यासाठीच धागा काढला होता.

टीममध्ये बोललो. आमचा कल असा: बिगटॉप खाली, अंबारी वर, फक्त झूकीपर, एचडीएफएस, यार्न, हाइव्ह, एचबेस आणि रेंजरसाठी. ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण अ‍ॅन्सिबलकडे. मेट्रिक्स अंबारीच्या भरवशावर न ठेवता तुंगभद्राताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रोमिथियसमध्ये. अंबारी निवडण्याचं कारण रात्रीचा कॉल. तिघांतले दोघं नवे आहेत, त्यांना कोणता घटक लाल आहे ते एका पानावर दिसलं पाहिजे आणि रोलिंग रिस्टार्ट सुरक्षितपणे करता आला पाहिजे. कर्बेरॉस हेही कारण. ब्लूप्रिंटचं जेसन गिटमध्ये ठेवू आणि यूआयवरचा प्रत्येक बदल त्यात परत उतरवू.

आता डेटा कसा न्यायचा? आहे त्याच मशीनवर अपग्रेड की शेजारी नवा क्लस्टर?

---

जुनाखांब

शेजारी नवा. जागच्या जागी क्लाउडेराचं हडूप काढून बिगटॉपचं टाकणं तांत्रिकदृष्ट्या जमेलही, पण मागे फिरायची वाट अरुंद. सीडीएच ६ चं हडूप ३.० वर आधारलेलं आहे, त्यावर त्यांचे स्वतःचे पॅच आहेत. डेटाच्या बाबतीत असा जुगार नको.

सगळी मशीन एकदम लागत नाहीत. जुन्या क्लस्टरमधली शिल्लक जागा बघा, जितके डेटानोड काढता येतील तितके रीतसर डीकमिशन करा (त्यांच्यावरचा डेटा इतरांकडे हलवून बाहेर काढा), त्यांवर रॉकी किंवा अल्मा लिनक्स टाकून नवा क्लस्टर उभा करा. मग डिस्ट-सीपीने (हडूपचं कॉपी करण्याचं साधन) डेटा टप्प्याटप्प्याने न्या, जुनं रिकामं होत जाईल तशी पुढची मशीन हलवा. डीकमिशनच्या वेळी रेप्लिकेशनच्या मर्यादा थोड्या वाढवल्या नाहीत तर ते फार रेंगाळतं, तेव्हा त्या दिवसातल्या कमी वर्दळीच्या वेळी वाढवा.

डिस्ट-सीपीत एक खोच आहे. दोन्हीकडे ब्लॉकचा आकार वेगळा असेल तर फाइल तीच असूनही चेकसम जुळत नाही आणि कॉपी फेल दाखवते. ब्लॉकचा आकार राखण्याचा पर्याय द्या. चेकसम तपासणी बंद करून पुढे जाण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास सापडतो, तो ऐकू नका. आणि स्रोतावर स्नॅपशॉट घेऊनच कॉपी करा. नंतरच्या फेऱ्यांत दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढाच नेता येतो, मात्र मधल्या काळात नव्या बाजूला त्या डिरेक्टरीत कुणी काही लिहिता कामा नये.

---

तुंगभद्रा

यात भर. हाइव्ह मेटास्टोअरचा (टेबलांच्या माहितीचा) डेटाबेस डम्प करून नव्या बाजूला आणा आणि स्कीमा-टूलने अपग्रेड करा. तो डम्प आधी दोन-तीनदा टेस्टिंगला अपग्रेड करून बघा, जुन्या टेबलांत काय निघेल सांगता येत नाही. टेबलांच्या पत्त्यात जुन्या नेमसर्व्हिसचं नाव लिहिलेलं असतं, ते बदलायला हाइव्हचंच मेटाटूल आहे. सगळ्यात सोपं म्हणजे जुना क्लस्टर बंद झाल्यावर नव्याला तेच नेमसर्व्हिस नाव देणं, पण कॉपीच्या काळात दोन्हीची नावं वेगळीच हवीत.

आणि नेमनोडची इमेज रोज बाहेरच्या मशीनवर ओढून ठेवा, डीएफएसअ‍ॅडमिनच्या फेच-इमेज कमांडने. क्लस्टर हलवत असताना हे आणखी महत्त्वाचं. ब्लॉकच्या तीन प्रती आहेत म्हणून लोक निश्चिंत असतात, पण कोणता ब्लॉक कोणत्या फाइलचा ही माहिती फक्त नेमनोडकडे असते.

---

कोयनाकाठ (धागाकर्ता)

लिहून घेतलं. नव्या नेमनोडचा हीप किती धरावा? आमच्याकडे लहान फाइली खूप आहेत.

---

रातपाळी

दर दहा लाख ब्लॉकमागे साधारण १ जीबी धरतात, त्यावर वाढीसाठी मोकळीक ठेवा. पण लहान फाइली तशाच नव्या बाजूला नेऊ नका. हलवताना ही संधी आहे: स्पार्कने एकत्र करून मोठ्या ओआरसी किंवा पार्केट फाइली लिहा आणि त्याच नव्या क्लस्टरवर ठेवा. अशा टेबलांना डिस्ट-सीपी नको, चेकसमऐवजी ओळींची संख्या आणि बेरजा जुळवा. थंड झालेल्या जुन्या डेटासाठी हडूप ३ चं इरेजर कोडिंग बघा. सहा डेटाचे अधिक तीन पॅरिटीचे तुकडे अशा मांडणीत तिप्पट जागेऐवजी दीडपट लागते. त्याला कमीत कमी नऊ डेटानोड हवेत, त्यामुळे नव्या बाजूला तेवढी मशीन आल्यावरच चालू करा.